टपाविना टेचात

घराच्या मागे जुनी जीप उभी आहे? काकांची हेराल्ड गोठ्यात धूळ खातेय? मग रंग कुठला द्यायचा हे ठरवण्याआधी पत्र्याची तब्येत बघा. कारण उघड्या गाडीत पत्रा हा नुसता मेकअप नसतो, तो तिचा कणा असतो!

पाऊस उघडलाय, हवेत गारवा आहे आणि शनिवारची सकाळ तुमची आहे. नागपूरहून पहाटेच निघायचं, उमरेडला तर्री-पोहे हाणायचे आणि गिरडचा रस्ता धरायचा. दोन्ही बाजूंना कापूस आणि सोयाबीन, आणि मग समोर येते ती टेकडी. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं गिरड ओळखलं जातं ते या टेकडीवरच्या ख्वाजा शेख फरीद बाबांच्या दर्ग्यामुळे. हिंदू, मुसलमान, सगळेच इथे नवस बोलायला येतात. आता सांगा, असा रस्ता काचा चढवून, एसी लावून कापायचा? म्हणजे सावजी रस्सा स्ट्रॉने पिण्यासारखंच की!

इथे गाडी हवी ती उघडी. वारा केसातून गेला पाहिजे, मातीचा वास नाकात शिरला पाहिजे. आणि गंमत म्हणजे, कन्व्हर्टिबल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती जेम्स बॉण्डची गाडी आणि युरोपातला समुद्रकिनारा. पण विदर्भातल्या गावात उघडी गाडी पन्नास-साठ वर्षांपूर्वीही होती. कापडी हूड, खाली पडणारी समोरची काच, मागे समोरासमोर दोन बाकं, त्यावर आठ माणसं आणि एक बकरी. होय, आपली जीप!

अशी एखादी जीप तुमच्या माहितीत नक्की असेल. आजोबांनी घेतली, बाबांनी चालवली, आणि आता नातू हिंजवडीत कोडिंग करतोय. गाडी गावच्या वाड्यात, टायर बसलेले, बोनेटवर कोंबड्या. दिवाळीला घरी गेलं की दरवर्षी एकच चर्चा: भंगारवाला न्यायला तयार आहे, देऊन टाकायची का? मग कुणीतरी म्हणतं, थांबा, रिस्टोअर करू. आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते.

देशी कन्व्हर्टिबलची जन्मकथा

थोडा फ्लॅशबॅक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपलं. इकडे १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची कंपनी सुरू झाली. १९४७ मध्ये तिने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि १९४८ मध्ये तिचं नाव झालं ‘महिंद्रा अँड महिंद्रा’. पुढे उंच बोनेटची सीजे-३बी आली. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ एवढंच चाललं, पण आपल्याकडे त्याच चेहऱ्याच्या गाड्या त्यानंतरही कित्येक दशकं बनत राहिल्या. ते बोनेट उंच का, माहितीये? आतलं नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं म्हणून. स्टाइल वगैरे नंतर!

दुसरी आठवणीतली गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. इटलीच्या मिकेलोत्तीने डिझाइन केलेली ही ट्रायम्फ गाडी १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती इथे बनवली. इंग्लंडमध्ये तिची कन्व्हर्टिबलही निघाली. हिची खासियत ऐका. त्या काळात बहुतेक नव्या गाड्यांची बॉडी एकसंध होत चालली होती, पण हेराल्डला वेगळी चासी होती आणि बॉडीचे मोठे भाग चक्क नटबोल्टने जोडलेले होते. टपसुद्धा! बोनेट तर मडगार्डांसकट अख्खं पुढे उघडतं. रिस्टोअर करणाऱ्यासाठी ही गाडी म्हणजे मोठ्यांचा मेकॅनो.

आणि वर्ध्याचाच एक किस्सा सांगायलाच हवा. जमनालाल बजाजांच्या फोर्ड मोटारीला म्हणे बैल जुंपले होते आणि त्या वाहनाला सगळे गमतीने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत. विचार करा, इंजिनाचं काम बैलांकडे गेलं तरी लोकांनी तिला फोर्डच म्हटलं! गाडीची ओळख असते ती तिच्या बॉडीत. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं. चेहरा गेला की गाडी गेली.

बुटांच्या खोक्याचा फंडा

आता मुद्द्यावर येऊ. उघड्या गाडीच्या पत्र्याचं एवढं कौतुक कशासाठी? घरातलं बुटांचं एक खोकं घ्या. झाकण चिकटवून बंद करा आणि पिळून बघा. सहज पिळणार नाही. आता झाकण काढा आणि पिळा. लगेच वाकडं झालं ना? बस, हाच फरक सेडान आणि कन्व्हर्टिबलमध्ये आहे. टप असलेल्या गाडीत रस्त्याचे धक्के वर, खाली, चारही खांबांमधून वाटले जातात. टप नसला की तो सगळा भार खाली येतो: फ्लोअर, दाराखालची लांब पेटीसारखी पट्टी म्हणजे सिल, आणि समोरच्या काचेखालची आडवी भिंत.

ज्या गाडीला वेगळी चासी आहे, म्हणजे जीप किंवा हेराल्ड, तिथे बराच भार चासी उचलते. तरीही बॉडी जिथे चासीवर टेकते ते कोपरे सडले की बॉडी बसते, आणि मग दारांची नाहीतर पॅनेलची फट तिरकी होते. पण फियाटसारख्या गाडीत वेगळी चासीच नाही. बॉडी हीच चासी. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली फियाट अकराशे, पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली, ती या जातीची. तिचा टप ग्राइंडरने कापून ‘कन्व्हर्टिबल’ करायची टूम अधूनमधून येते. लग्नाच्या वरातीत फोटो छान येतात, मान्य. पण खोक्याचं झाकण उडवलं की काय होतं ते आत्ताच बघितलंत. कारखान्यात जेव्हा सेडानची कन्व्हर्टिबल करतात तेव्हा सिल आणि फ्लोअरला आतून जादा पोलाद देतात. गल्लीतल्या कापाकापीत ते कोण देतं?

एक सोपी टेस्ट आहे. दारं असलेली उघडी गाडी पुढच्या चाकामागे जॅक लावून हळूच उचला आणि दाराच्या फटीकडे बघत राहा. फट वर मिटतेय, खाली उघडतेय, किंवा दार अडकायला लागलं, तर समजा कणा कमजोर झालाय. मग वरून रंग कितीही चकचकीत असू दे.

काळी माती, काळा वैरी

मुंबई-कोकणातल्या गाडीला खारी हवा खाते. विदर्भाची हवा त्या मानाने कोरडी, म्हणून इथल्या जुन्या गाड्यांचा वरचा पत्रा बऱ्याचदा आश्चर्य वाटावं इतका शाबूत असतो. पण खाली वाकून बघा! गिरड-समुद्रपूरच्या रस्त्यांना लागून आहे ती कपाशीची काळी, चिकट माती. पावसात ती चाकाला लागते, चाक ती मडगार्डच्या पोटात फेकते आणि तिथे तिचे गोळे बसतात. ही माती पाणी धरून ठेवते. बाहेर ऊन पडलं, रस्ता सुकला, तरी मडगार्डच्या आत ओला लपेटा तसाच. पत्रा आतून बाहेर सडत येतो आणि ज्या दिवशी तुम्हाला रंगावर फोड दिसतो, त्या दिवशी आतला पत्रा जवळपास संपलेला असतो.

जीपमध्ये आणखी एक लपलेली जागा आहे. फ्लोअरखाली मजबुतीसाठी उलट्या टोपीच्या आकाराचे चॅनेल असतात. महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये तर या चॅनेलच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या होत्या. लाकूड भिजलं की महिनोन् महिने ओलं, आणि लोखंड त्याला चिकटलेलं. मग काय होणार?

दार असलेल्या गाडीत पाणी काचेच्या फटीतून दाराच्या पोटात उतरतंच. ते जायला खाली भोकं दिलेली असतात. ती भोकं धुळीने, नाहीतर एखाद्या हौशी पेंटरच्या रंगाने बुजली, की दाराची टाकी होते. तसंच हूड जिथे घडी होऊन बसतो तो मागचा खळगा आणि समोरच्या काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे. आणि हो, फ्लोअरवरची रबरी मॅट! पाय कोरडे राहावेत म्हणून टाकतात आणि तिच्याखाली पत्रा गुपचूप कुजत राहतो.

पत्र्याचा झाला दगड

गिरडच्या टेकडीवर सुपारी-नारळासारखे दिसणारे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याचा माल बाबांच्या शब्दाने दगड झाला, अशी त्यामागची श्रद्धेची गोष्ट. भूगर्भवाले त्यांना झिओलाइट म्हणतात. आपल्या गॅरेजांमध्ये मात्र पत्र्याचा दगड करायला कुठलाही चमत्कार लागत नाही. पुट्टीचा एक डबा पुरतो!

पुट्टी, पेंटरच्या भाषेत लांबी, ही वाईट वस्तू नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर बारीकसारीक उंचसखलपणा राहतो, तो भरायला दोन-तीन मिलिमीटरचा थर हवाच. गडबड होते ती भोकावर जाळी लावून, वर बोटभर पुट्टी थापून, घासून, रंग मारून गाडी ‘नवी’ केली जाते तेव्हा. पुट्टीला स्वतःची ताकद नसते. ती ओलावा शोषते. गाडी खड्ड्यात गेली की पत्रा लवतो, पुट्टी लवत नाही. आधी केसासारखी चीर, मग त्यातून पाणी, आणि दोन पावसाळ्यांत अख्खा पोपडा हातात. तोवर तिच्यामागचा उरलेला चांगला पत्राही गेलेला असतो.

आणि हा फक्त दिसण्याचा मामला नाही. पुट्टीने भरलेल्या सिलची गाडी सत्तरच्या स्पीडला धडकली, तर जिथे पोलादाने मार झेलायचा तिथे असते ती भुकटी. मागच्या बाकावर तुमचीच भाचे कंपनी बसलेली असणार, हे विसरू नका.

म्हणून गाडी विकत घेताना किंवा घरच्याच गाडीची तब्येत जोखताना खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. मऊ कपड्यात गुंडाळून ते पत्र्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आत पत्रा नाही, पुट्टी आहे. मग बोटाच्या पेराने टकटक करा. टणटण वाजलं तर पत्रा, ठकठक वाजलं तर दगड!

कापायचं कसं, जोडायचं कसं

बरं, सडका भाग सापडला. आता ग्राइंडर लगेच चालवायचा का? अजिबात नाही. उघड्या गाडीचा पहिला नियम: आधी आधार, मग काप. दाराच्या मोकळ्या जागेत पाइपचे आडवे-तिरपे टेकू तात्पुरते वेल्ड करून घ्यायचे, म्हणजे सिल कापली तरी बॉडी मिटणार किंवा पसरणार नाही. गाडी सपाट जागेवर, सगळीकडून सारखा आधार देऊन उभी हवी. दोन कोपऱ्यांमधलं तिरपं माप दोन्ही बाजूंनी घ्या आणि भिंतीवर लिहून ठेवा. दोन्ही मापं सारखी, तर चौकट काटकोनात. एका वेळी एकच बाजू कापायची. जोडताना दारं लावून, फटी बघत बघत जोडायचं. दारं बाजूला ठेवून सिल वेल्ड केली आणि मग दार बसेना, ही चूक दुरुस्त करायची म्हणजे सगळं पुन्हा कापणं आलं.

दुसरा नियम: चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. गंजलेल्या कडेला नवा तुकडा जोडणं म्हणजे जीर्ण धोतराला नवं ठिगळ. टाका धरत नाही आणि आजूबाजूचं फाटतं. नवा पत्रा त्याच गेजचा घ्या. जुन्या गाड्यांच्या बाहेरच्या पॅनेलना साधारण वीस गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपासचा सीआर पत्रा चालतो. जीपला जरा जाड लागतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा धूर अंगाला ताप आणतो, तेव्हा जोडाच्या कडेचा मुलामा आधी घासून काढायला सांगा.

जोड कसा? दिसणाऱ्या पॅनेलमध्ये कडेला कड भिडवून. एकावर एक चढवलेला जोड करायला सोपा, पण त्या दोन पदरांमध्ये पाणी अडकतं. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. इथे एक टाका, मग वीतभर लांब दुसरा, मग मागे येऊन तिसरा. पत्रा गार होऊ द्यायचा. घाई केली की उष्णतेने पत्रा फुगतो आणि मग तो तेलाच्या डब्याच्या बुडासारखा आत-बाहेर टॉक-टॉक वाजायला लागतो. मिग किंवा सीओटू वेल्डिंगमध्ये उष्णता कमी पसरते. गॅस वेल्डिंगचा जोड मऊ असतो, हातोडीने छान बसवता येतो, पण उष्णता जास्त पसरते, त्यामुळे हात सराईत हवा. दोन्हींचे भक्त आहेत, भांडणात पडू नका. कारागिराचा हात ज्यावर बसलाय ते उत्तम.

आणि पेट्रोलची टाकी? वेल्डिंगआधी ती गाडीतून बाहेर, लांब. बॅटरीही. वाळूची बादली जवळ. यात ‘चलता है’ चालत नाही.

ठोकाठोकी नव्हे, शिल्पकला!

आता येतात या गोष्टीचे खरे हिरो. शहरातल्या चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये पोचा आलेलं दार बऱ्याचदा सरळ करत नाहीत, बदलतात. पार्ट नंबर टाकला की नवं दार हजर. हेराल्डच्या मडगार्डचा पार्ट नंबर टाकून बघा! तिथे लागतो तो जुना डेंटर. तो तुम्हाला एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, एखाद्या निंबाच्या झाडाखाली, फाटक्या कव्हरच्या ॲम्बेसॅडरशेजारी सापडेल. त्याची हत्यारं मोजून चार: वेगवेगळ्या तोंडांच्या हातोड्या, हातात धरायचा गुळगुळीत लोखंडी ठोकळा म्हणजे डॉली, कानशी आणि तळहात.

हो, तळहात. पत्र्यावरची लाट डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. डेंटर डोळे मिटून पॅनेलवरून हात फिरवतो तेव्हा तो स्कॅन करत असतो. ठोकायचा क्रमही ठरलेला. अपघातात जो मार शेवटी बसला तो आधी काढायचा, पहिला मार सगळ्यात शेवटी. म्हणजे अपघाताची फिल्म उलटी चालवायची. पत्र्याच्या मागे डॉली धरून पुढून नेमकं तिच्यावर ठोकलं तर पत्रा पसरतो. डॉलीच्या बाजूला ठोकलं तर उंचवटा बसतो आणि खड्डा वर येतो. हे नुसतं वाचून समजतं, जमायला मात्र वर्षं लागतात.

पत्रा ताणला गेला असेल तर? मग तो आवळायचा. गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लालबुंद करायचा, भोवती हलके ठोके आणि लगेच ओला फडका. चर्रर्र आवाज, वाफ, आणि फुगलेला पत्रा आपोआप आत ओढला जातो. बघताना जादू वाटते. खरं तर तापलेला पत्रा गार होताना आक्रसतो, एवढंच साधं विज्ञान आहे. ते केव्हा थांबवायचं, हे ज्ञान मात्र त्या एका हातात आहे.

आणि अडचण इथेच आहे. हे हात म्हातारे होतायत. पॅनेल बदलण्याच्या जमान्यात नवा पोरगा दहा वर्षं डॉली धरायला का बसेल? तुम्ही एक गाडी पत्रा वाचवून रिस्टोअर करता, तेव्हा त्या डेंटरच्या हाताखालच्या पोराला शिकायला एक गाडी मिळते. हा या छंदाचा न छापला जाणारा फायदा.

नवी बॉडीच घेतली तर?

जीपवाल्यांना हा मोह हमखास होतो. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव जीप बनवून आणि सजवून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध. नवी कोरी बॉडी, रुंद टायर, चकचकीत बंपर. जुन्या पत्र्यावर महिनोन् महिने ठोकत बसण्यापेक्षा हे सोपं नाही का?

सोपं आहे, पण आता कायद्याकडे बघायला हवं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी दिसेल अशी मोटार बदलून घेता येणार नाही. त्यामुळे ‘टप कापून कन्व्हर्टिबल’ हा प्रकार सुरक्षेच्या परीक्षेत नापास होताच, तो कागदावरही नापास झाला.

त्याहून महत्त्वाची बातमी जुलै २०२१ ची. केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा कार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नूतनीकरणाची ५ हजार, आणि प्रमाणपत्र १० वर्षांसाठी. अट काय? गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको!

म्हणजे बघा, १९७० च्या आसपासची आजोबांची जीप ५० ची रेषा ओलांडून गेलीये. तिचा मूळ पत्रा तुकडा तुकडा जोडून वाचवलात, तर ती व्हिंटेज म्हणून दावा सांगू शकते. नवी बॉडी चढवलीत, तर तोच दावा अडचणीत येऊ शकतो. कोंबड्या बसणारा तो पत्राच तिचं जन्मप्रमाणपत्र ठरतो! अर्थात ‘व्हीए’ची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर येते. रोज चालवायची असेल तर नेहमीचीच नोंदणी ठेवा, १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्या. काम सुरू करण्याआधीच आरटीओत जाऊन यापैकी काय हवं ते ठरवलंत, तर पुढची डोकेदुखी वाचते.

रंगाआधीचं रंगकाम

पत्रा झाला, आता रंग? थांबा, अजून एक पायरी. सिल, चॅनेल, दाराचं पोट या बंद पेट्यांमध्ये आतून गंजरोधक मेण किंवा तेलकट द्रव फवारून घ्या. जोडांवर सीलर हवा. पाणी जायची भोकं उघडी आहेत का, ते तारेने तपासा. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. पाण्यावर घासा आणि तोंडाला मास्क लावा.

एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो. रेड ऑक्साइड मारलं की गाडी पावसाला तयार! नाही हो. प्रायमर हा स्पंजासारखा असतो, वरचा रंग धरून ठेवायला. नुसत्या प्रायमरवर गाडी पावसाळाभर ठेवली, की त्याच्याखाली गंज सुरू. म्हणून वेळापत्रक आपल्या हवेप्रमाणे आखा. दिवाळीनंतर गाडी खोला, थंडीत वेल्डिंग आणि ठोकाठोकी उरका, फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की रंग बंदुकीतून निघून पत्र्यावर नीट पसरण्याआधीच सुकतो. आणि काम झाल्यावर गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. सुती किंवा हवा खेळेल असं घ्या. भिजलेला हूड घडी करून ठेवायचा नाही, आधी वाळवायचा.

डेंटरकडे जाताना...

* सगळ्या बाजूंनी, खालूनही फोटो काढा. कुठला बोल्ट कुठला, हे सहा महिन्यांनी देवालाही आठवत नाही.

* काढलेला प्रत्येक सडका तुकडा सांभाळून ठेवा. नवा तुकडा घडवायला तोच साचा. काम संपेपर्यंत भंगारवाल्याला गेटच्या आत घेऊ नका!

* पुट्टी लावण्याआधी उघडा पत्रा बघायला येणार, हे आधीच सांगा. ‘पुट्टीआधी पैसे नाहीत’ हा सोनेरी नियम.

* ठोक रकमेवर अख्खी गाडी देऊ नका. फ्लोअर, मग सिल, मग बाहेरची पॅनेल, असे टप्पे पाडा. एक टप्पा बघून पुढचा.

* डेंटरने आधी केलेली, निदान दोन पावसाळे पाहिलेली एखादी गाडी बघायला मागा. नव्या रंगात सगळ्याच गाड्या माधुरी दीक्षित दिसतात.

* तारीख विचारा, पण तिच्यावर लग्नाचा मुहूर्त काढू नका.

खर्च किती, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आलाच असेल. खरं उत्तर गाडीच्या पोटात दडलेलं असतं. पुट्टी खरवडल्याशिवाय कुठलाच प्रामाणिक डेंटर आकडा सांगणार नाही, आणि जो न बघता सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलंच बरं. सुरुवात मात्र फुकटात होते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा फक्त दोन गोष्टी करा. मडगार्डच्या पोटातली काळी माती पाण्याने धुऊन काढा आणि ती रबरी मॅट उचलून उन्हात टाका. रिस्टोरेशनचा निर्णय घरात अजून दोन दिवाळ्या लांबला तरी चालेल. पत्रा तेवढा वेळ तग धरेल.